आरशामागची ऊब

गाडीच्या बाहेरच्या आरशाला हीटर असतो, हे मला नव्वदच्या दशकात स्टुटगार्टला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. पुण्यात आमच्या घरी जी पद्मिनी होती, तिला डाव्या बाजूला आरसाच नव्हता. उजवीकडे एक छोटा आरसा, तोही हाताने ढकलून नीट बसवायचा. डावीकडे वळायचं असलं की बाबा शेजारी बसलेल्याला विचारायचे, "मागून कोणी येतंय का बघ रे." पावसाळ्यात वरंध घाटात ढग रस्त्यावर उतरले की काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि फडक्याने आरसा पुसायचा. पुढच्या वळणापर्यंत तो पुन्हा पांढरा. आरसाच तापवून ही कटकट मिटवता येते, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

स्टुटगार्टचा हिवाळा ते शिकवतो. चहूबाजूंनी टेकड्या, मधल्या खोलगट जागेत शहर, खाली नेकार नदी. नोव्हेंबरपासून सकाळचं धुकं लवकर हलत नाही आणि रात्री बाहेर उभ्या केलेल्या गाडीवर बर्फाचा थर धरतो. जर्मन कायदा याबाबतीत कडक आहे. पुढच्या काचेवर डोळ्यांपुरती जागा खरवडून गाडी हाकली तर दंड होतो. सगळ्या काचा आणि आरसे मोकळे हवेत. बर्फ वितळावा म्हणून गाडी जागेवर चालू ठेवायलाही बंदी. मग हातातली खरवडणी आणि गाडीतले हीटर एवढाच आधार उरतो. त्यात आरशाची काच हलती असते. तिच्यावर जोर दिला तर मागची मोटर दुखावते.

गाडी बसकी, दोन दारांची असली की आरशाचं मोल आणखी वाढतं. बसायची जागा रस्त्याला लागून, मागचे खांब जाड, मागची काच आडवी झोपलेली. ऑटोबानवर डावीकडून येणारी गाडी अजून लांब आहे म्हणेपर्यंत शेजारी येऊन ठेपते. अशा वेळी डावा आरसा धूसर असला तर लेन बदलायची नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी आजही पाळतो.

अशा गाड्यांतली सगळ्यांना माहीत असलेली गाडी म्हणजे पोर्शे ९४४. १९८२ ते १९९१ या काळातली, चार सिलिंडरची. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. जुळणी स्टुटगार्टच्या उत्तरेला नेकारझुल्ममध्ये, ऑडीच्या कारखान्यात. त्या दशकात अशा गाड्यांमध्ये कितीतरी गोष्टी विजेवर होऊ लागल्या होत्या. खिडक्या वरखाली करणं, आरसे फिरवणं, आरसे तापवणं. कम्प्युटर मात्र अजून दारापर्यंत आला नव्हता. दारात होत्या त्या नुसत्या वायरी. माझी गाडी त्याच काळातली, दुसऱ्या कंपनीची. मी घेतली तेव्हाही ती जुनीच होती. आता तिने तिशी ओलांडली आहे आणि तिच्या नंबर प्लेटच्या शेवटी 'एच' हे अक्षर आलं आहे. ३० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात सांभाळलेल्या गाड्यांसाठी जर्मनीने ही सोय १९९७ मध्ये केली. वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट. त्या एका अक्षरामुळे मूळ आरसा, मूळ काच, मूळ हीटर टिकवण्याला एक वेगळंच महत्त्व आलं आहे.

तेव्हा अशा गाडीत काही बिघडलं की पहिली गोष्ट शोधायची ती पुस्तक. स्टुटगार्टच्याच मोटरबुख प्रकाशनाची, 'आता मीच माझी मदत करतो' अशा अर्थाच्या नावाची माला घरोघरी असायची. डीटर कोर्प हे तिचे लेखक. इंग्रजी वाचणाऱ्यांकडे हेन्सची पुस्तकं. जॉन हेन्स यांचं या प्रकारचं पहिलं पुस्तक १९६६ चं, तेही ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या स्पोर्ट्स कारवर. या पुस्तकांची मधली पानं कोरी राहत, शेवटची काळी होत. कारण शेवटी वायरिंगचे नकाशे. जर्मन नकाशाची रीत मला फार आवडायची. पानाच्या तळाशी ओळीने आकडे, वर उभ्या रेघा. एखादी रेघ मध्येच थांबते, तिथे चौकोनात एक आकडा असतो. तळाच्या त्या आकड्यावर गेलं की तीच रेघ पुढे सुरू झालेली दिसते. प्रत्येक टोकाला ठरलेला क्रमांक. ३० म्हणजे थेट बॅटरीचा प्लस, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, ३१ म्हणजे अर्थ, ८७ म्हणजे रिलेतून बाहेर पडणारा. हे क्रमांक जर्मन मानकात ठरलेले असल्यामुळे एक गाडी समजली की दुसरी अर्धी समजलेली असायची. तपकिरी वायर दिसली की ती अर्थची, हे तर डोळे झाकून.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन राहायचे. सगळे त्यांना माइस्टर म्हणत, मीही तेच म्हणायचो. त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली, पण विजेच्या कामासाठी ते पहिल्यांदा हात घालत ते एकाच वस्तूला. पेनाएवढी दांडी, टोकाला सुई, पोटात १२ व्होल्टचा छोटा बल्ब, शेपटीला वायर आणि वायरीला चिमटा. टेस्ट लॅम्प. तो पाहताच मला नाना पेठ आठवली. स्पेअर पार्टच्या दुकानांच्या रांगेत फुटपाथवर स्टूल टाकून बसणाऱ्या मिस्त्रींकडे हेच हत्यार होतं, फक्त त्यांनी ते स्वतः बनवलेलं असायचं. स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब, होल्डरला डाख दिलेल्या दोन वायरी, बस. एक टोक अर्थला, दुसरं जिथे शंका आहे तिथे. बल्ब लागला तर करंट इथपर्यंत आलाय, नाही लागला तर मागे जा. मिस्त्रींना जर्मन नकाशे वाचता येत नव्हते आणि माइस्टरांनी नाना पेठ पाहिली नव्हती, पण दोघं बिघाडाकडे एकाच वाटेने जात.

ती वाट आरशाच्या बाबतीत अशी. बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये आरशांचे हीटर मागच्या काचेच्या हीटरबरोबरच चालू होतात, बटण एकच. तेव्हा पहिला प्रश्न, मागची काच तापते का? दुसरा, दुसऱ्या बाजूचा आरसा तापतो का? काहीच तापत नसेल तर फ्यूज आणि रिले. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी जर्मन गाड्यांत टॉर्पेडोच्या आकाराचे, उघड्या पट्टीचे फ्यूज होते. ८ अँपिअरचा पांढरा, १६ चा लाल, २५ चा निळा. ते न जळताही दगा देतात. दोन टोकांना पांढरी बुरशी धरते आणि संपर्क सुटतो. फ्यूज बोटाने जागच्या जागी गोल फिरवला की मागची काच पुन्हा तापायला लागते, हे मी किती वेळा पाहिलं आहे. रिले असेल तर बटण दाबताना टक् असा आवाज येतो का ते ऐकायचं, नाहीतर शेजारचा तशाच जातीचा रिले काढून तिथे लावून बघायचा.

एकच आरसा थंड असेल तर फ्यूज आणि रिले दोघेही सुटले, कारण ते सामाईक आहेत. मग शोध त्या एका दाराचा. आता काच काढावी लागते. काही जुन्या आरशांत खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून आतली दातेरी कडी सरकवली की काच मोकळी होते. बाकीच्यांत ती नुसती दाबून बसवलेली असते. माइस्टर थंडीत कधीही काच ओढून काढू देत नसत. "आधी केस वाळवायचं यंत्र आणा," म्हणत. जुनं प्लास्टिक थंडीत काडकन तुटतं. पाच मिनिटं गरम हवा दिली की ते नमतं. काचेवर चिकटपट्ट्या मारायच्या, हातमोजे घालायचे. काच निघाली की तिच्या पाठीला चिकटवलेली पातळ फॉइल दिसते, तिच्यात नागमोडी वळणं घेत गेलेली धातूची पट्टी, आणि दोन चपट्या पिना. ओलावा शिरला असेल तर काचेच्या कडेला चांदी काळी पडलेली असते आणि फॉइलवर एखाद्या ठिकाणी जळल्याचा ठिपका दिसतो.

काच काढण्याआधीची त्यांची एक युक्ती होती. हीटर चालू करायचा, थोडा वेळ थांबायचं आणि काचेवर तोंडाने वाफ सोडायची. जिथली वाफ आधी उडते तिथे फॉइल जिवंत आहे, जिथे ती रेंगाळते तिथे मेली आहे. अर्ध्या काचेची फॉइल गेलेली असली तर वाफेची कड अगदी रेघ ओढल्यासारखी स्पष्ट दिसायची.

आता हे सगळं बदललं आहे, आणि बदल कुठून सुरू झाला तेही इथूनच जवळ आहे. बॉशने कॅन ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती रस्त्यावर आली. दोन वायरींवरून गाडीतले सगळे कम्प्युटर एकमेकांशी बोलणार, ही ती कल्पना. पुढे प्रत्येक दाराला स्वतःचं मॉड्यूल मिळालं. आज बटण आरशाला करंट देत नाही, ते फक्त निरोप पाठवतं. मॉड्यूल बाहेरचं तापमान बघतं, बॅटरीची स्थिती बघतं, मग आरसा तापवायचा की नाही ते ठरवतं. पुष्कळ गाड्यांत तर बटण दाबावंही लागत नाही. फॉइल तुटली तर मॉड्यूलला ते कळतं आणि ते एक कोड लिहून ठेवतं. कधीतरीच होणारा, गॅरेजमध्ये गेल्यावर गायब होणारा बिघाडही असा नोंदला जातो. पूर्वी अशा बिघाडामागे माणसं आठवडेच्या आठवडे घालवत. हे मोठं काम झालं आहे आणि मी ते मनापासून मान्य करतो. नव्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत, यात मला शंका नाही. २०१८ मध्ये आलेल्या ऑडी ई-ट्रॉनमध्ये तर हवे असल्यास आरशांच्या जागी कॅमेरेच मिळू लागले.

पण कोड सांगतो की सर्किट तुटलं आहे. कुठे तुटलं आहे ते सांगत नाही. ते शोधायला वेळ लागतो, वेळेला पैसा लागतो, म्हणून गॅरेजवाला काच बदलतो, तेवढ्याने भागलं नाही तर मॉड्यूल बदलतो आणि नवं मॉड्यूल लॅपटॉपने गाडीला ओळखायला लावतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकत नाही. दाराच्या आत शिरून एका वायरीचा माग काढणं त्याला परवडणारं नाही. मात्र त्यामुळे बिघाड आता कुणी कुणाला दाखवत नाही. माइस्टर माझ्या शेजारी उभं राहून बोट ठेवायचे, "इथे बघा." ते बोट ठेवणं गेलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. हेन्सनेही २०२० मध्ये नव्या गाड्यांची छापील पुस्तकं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्या पानांना ग्रीसचा वास यायचा ती पानं आता नव्याने येणार नाहीत.

गेल्या हिवाळ्यात माझ्या गाडीचा डावा आरसा थंड राहायला लागला. उजवा ठीक, मागची काच ठीक. माझा भाचा काही वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आला, दारांच्या मॉड्यूलचंच सॉफ्टवेअर तो लिहितो. म्हणाला, "मामा, तुम्ही थांबा, मी बघतो." त्याच्या हातात काय काय होतं! माझ्या गाडीचा वायरिंगचा नकाशा त्याने फोनवर शोधून काढला, तोही रंगीत, बोटांनी मोठा करता येणारा. फोनला एक छोटा थर्मल कॅमेरा लावला आणि दोन्ही आरशांसमोर धरला. उजवा पिवळा-केशरी दिसत होता, डावा किंचित जांभळट. काच लांब पल्ल्याच्या उष्णतेच्या किरणांना अपारदर्शक असते, म्हणून कॅमेऱ्याला तिचंच तापमान दिसतं. माइस्टर असते तर त्यांनी हा कॅमेरा हातातून खाली ठेवला नसता. वाफेने जे कडेपुरतं कळायचं ते इथे सबंध काचेभर दिसत होतं: डावा आरसा सगळीकडून सारखाच, पण जेमतेम तापत होता. म्हणजे फॉइल शाबूत होती.

काच काढून त्याने डिजिटल मीटरने फॉइलचा रोध मोजला. १२ ओमच्या आसपास, अगदी योग्य. मग दाराकडून येणाऱ्या दोन वायरींमध्ये व्होल्टेज मोजलं. पूर्ण १२ व्होल्ट. फॉइल चांगली, वीज चांगली, आणि आरसा थंड. तो गोंधळला, ते साहजिकच होतं. मी पेटीतून टेस्ट लॅम्प काढला आणि त्याच दोन वायरींना लावला. बल्ब लागला, पण पिवळट, दमलेला.

इथे हिशेब सांगायलाच हवा, कारण सगळी गंमत त्यात आहे. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओम असतो. तो वायरीतून करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून वायर कितीही सडलेली असली तरी त्याला टोकाला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. फॉइल मात्र करंट ओढते. १२ ओमच्या फॉइलला १२ व्होल्ट मिळाले तर १ अँपिअर वाहतो आणि १२ वॉट ऊब मिळते. आता वाटेत कुठेतरी सडलेल्या वायरीने आणखी १२ ओमची अडचण उभी केली, तर करंट निम्मा होतो, फॉइलला ६ व्होल्टच उरतात आणि ऊब राहते ३ वॉट, म्हणजे चौथा हिस्सा. मीटरला हे कळतं, पण फॉइल जोडलेली असताना मोजलं तर. बल्ब स्वतःच करंट ओढत असल्यामुळे त्याला ते आपोआप कळतं. भाच्याने हा हिशेब लगेच कागदावर मांडला, फॉइल जोडून पुन्हा मोजलं, आणि मीटरनेही सहाच्या आसपास आकडा दाखवला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मला माइस्टरांची फार आठवण झाली. ते असते तर त्यांनी या मुलाला संध्याकाळपर्यंत सोडलं नसतं.

वाट आता उघड होती. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये रबराची सुरकुतलेली नळी असते, तिच्यातून दाराच्या सगळ्या वायरी जातात. दार उघडलं की त्या वाकतात, लावलं की सरळ होतात. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त वेळा उघडतं, म्हणून तिथल्या वायरी आधी जातात. बाहेरचं आवरण धडधाकट दिसतं, आत तांब्याचे धागे एकेक करून तुटलेले असतात. त्यात हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाचं पाणी शिरलं की उरलेले हिरवे पडतात. नळी खांबाकडून सोडवून आम्ही वायरी एकेक करून हलक्या हाताने ओढून पाहिल्या. तपकिरी वायर रबरासारखी ताणली गेली. आत तांबं जवळजवळ नव्हतंच. आरसा प्लास्टिकचा, त्याचा अर्थ याच एका वायरीने खांबापर्यंत येतो, आणि तो वाटेतच संपत होता.

भाचा डाख द्यायला निघाला होता. मी थांबवलं. डाख दिला की वायर तेवढ्यापुरती ताठ होते आणि वाकणाऱ्या जागी ती ताठ भागाच्या कडेलाच पुन्हा तुटते. म्हणून तुटका तुकडा पुरता कापून टाकला, नव्या वायरीचा लांब तुकडा नळीतून ओवला, आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, न हलणाऱ्या जागी घेऊन ते दाबून बसवले. वर तापवून आवळणारी नळी चढवली. बटण दाबलं, काही वेळाने कॅमेऱ्यात दोन्ही आरसे एकाच रंगाचे दिसले.

पूर्वी अशी काच किंवा हीटर गेला असता तर भंगारवाल्याच्या आवारात जाऊन, तशीच गाडी शोधून, स्वतःच्या हाताने आरसा उतरवून आणायचा. किंवा ऑक्टोबरपर्यंत थांबून मानहाइमच्या व्हेटेरामा बाजारात, पहाटे हातात टॉर्च घेऊन, मांडलेल्या ढिगांतून हुडकायचा. आजही तिथे जाणारे जातात, मीही जातो. पण आता कंपन्यांनीच जुन्या गाड्यांसाठी विभाग उघडले आहेत. स्टुटगार्टजवळ फेलबाखला मर्सिडीजचं क्लासिक सेंटर १९९३ पासून आहे. नव्वदच्या दशकात जे पार्ट कायमचे संपले असं आम्ही धरून चाललो होतो, त्यातले काही पुन्हा बनतात. जुनी गाडी सांभाळणं आज कितीतरी बाबतींत तेव्हापेक्षा सोपं आहे, आणि हे मी ज्यांना ज्यांना भेटतो त्यांना सांगतो.

उजव्या दाराची नळी आम्ही अजून उघडलेली नाही. तिकडचं दार कमी उघडतं, तरी वायरींचं वय तेवढंच आहे, तेव्हा पुढच्या हिवाळ्याआधी ती बघायची ठरली आहे. भाच्याने तपकिरी वायरीचं रीळ मागवून ठेवलं आहे आणि स्वतःसाठी एक टेस्ट लॅम्पही. त्याच्या नव्या गाडीच्या दारात मात्र तो लावायचा नाही, हे मी त्याला बजावलं. मॉड्यूलच्या नाजूक वाटांना बल्बचा करंट झेपेलच असं नाही. तिथे त्याचा मीटरच हवा, आणि फॉइल जोडलेली ठेवून मोजायचं.